नाकानीच्या खाणीत राजधानी

संकरानी नदीच्या काठी, नाकानीच्या मातीच्या खाणीत, एक अनोळखी तरुण उत्खननाची जागा आखायला खुंट्यांना दोऱ्या बांधत होता.

"ए, ऊठ तिथून!" नाकानी ओरडली. "ही खाण आम्हा कांते लोहारांच्या बायकांची आहे. आमची मडकी या मातीची होतात."

"आणि माझ्या पूर्वजांची राजधानी याच मातीखाली असेल तर?" तो हसला. "मी फामोरो केइता. जुन्या माली साम्राज्याची नियानी शोधतोय."

"केइता! अख्खी राजधानी हरवून बसलात? त्या दिवशी चवळी खात बसला असाल!" कांते आणि केइता घराण्यांत एकमेकांना चवळीखाऊ म्हणायची ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

"खात होतो ना... पण मडकं तुमच्याकडचं होतं. निम्मा दोष तुमचा."

नाकानीने हसू दाबण्यासाठी मान वळवली. ते त्याला दिसलंच.

मग एका टोकाला तो खणायचा, दुसऱ्या टोकाला ती. कोरड्या वाऱ्याची धूळ त्याच्या पापण्यांवर बसायची. एकदा तिने ओल्या फडक्याने ती पुसली... आणि हात काढायला जरा उशीर केला.

"सापडली का रे राजधानी?"

"नाही. सापडली की परत जावं लागेल — म्हणून हळूहळू खणतोय."

केइता घराण्याचे प्रमुख असलेल्या त्याच्या काकांनी मात्र साफ सांगितलं, केइतांचा मुलगा लोहाराची मुलगी करत नाही. मागणीचा कोला — वडीलधाऱ्यांनी मुलीच्या घरी न्यायची ती कडू बी — या घरातून जाणार नाही.

"मग जा," नाकानी म्हणाली. "पण काकांमागे लपायचं असेल तर परत येऊ नकोस."

मडकी भाजायच्या दिवशी तो आला. पानांत गुंडाळलेला कोला स्वतःच्याच हातात घेऊन! बायकांमध्ये हशा पिकला. "अगं बाई, नवरदेव स्वतःच मागणी घालतोय! घरात कुणाला तोंड नाही का?"

नाकानीचे वडील हातोडा घेऊनच बाहेर आले. "मुलाच्या हातचा कोला घेत नसतात. वडीलधारं कोण आलंय?"

"कुणी येणार नाही, बाबा." त्याने पुडा तसाच पुढे धरला. "रीत मी मोडली."

"एकट्याने नाही," नाकानी म्हणाली. काजळलेल्या हातांनी तिने पुडा सोडला, एक कोला फोडला आणि सगळ्यांदेखत अर्धा चावला. उरलेला त्याच्या ओठांशी धरला.

वडिलांनी हातोडा खाली ठेवून पुड्यासाठी हात पुढे केला.

"कडू आहे गं..." फामोरो पुटपुटला.

"गिळ. काकांसमोर याहून कडू बोलायचंय — आणि मी तुझ्याबरोबर येतेय."