पांढऱ्या चौकोनाचे आकडे

यातला एकही आकडा मी रचलेला नाही. सगळे वहीत आहेत, तारखेसह.

रविवार होता. दुपारचे तीन. बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले होते.

बाबांनी तीस वर्षं फोटो स्टुडिओत रंगीत प्रिंट काढल्या. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत मोठा टीव्ही लावून आईचं जुनं चित्रीकरण बघत बसायचे. रंग मनासारखे येईनात. मग पडद्याला तळहात टेकवून ताडून बघायचे.

"हाताचा रंग आपल्याला पाठ असतो," म्हणायचे.

शेवटी त्यांना सेन्सर हवा झाला. पडद्यावर टांगायचा, रंग मोजणारा.

"महागडा नको. पण चुकणाराही नको."

"बाबा, टीव्ही आहे. सोनं तोलायचंय का?"

"ठमे, तुझी आई कावीळ झाल्यासारखी दिसते त्यात!"

"बरं बरं. पुढच्या महिन्यात मागवू."

पुढचा महिना त्यांना मिळाला नाही.

त्यांच्या वहीत सहा सेन्सरांची तुलना होती. एकावर खूण. शेजारी टीप: 'परवडणारा, अचूक. आतल्या रंगीत काचा मात्र वर्षा-दोन वर्षांत फिक्या पडतात.'

मी तोच मागवला.

त्या रविवारी मागच्या खोलीच्या खिडक्या झाकल्या. सेन्सर टांगला. लॅपटॉप त्याच्याखाली पडद्यावर एकेक रंगाचा चौकोन दाखवू लागला.

काळा चौकोन... शून्य. बरोबर.

पांढरा चौकोन...

टक्.

काचेवर काहीतरी हलकेच टेकल्यासारखं.

लॅपटॉपवर आकडे आले. लाल जास्त, निळा कमी.

सेन्सर उचलला. खाली पडदा पांढराशुभ्र.

पुन्हा टेकवला... तेच आकडे.

घरात मी एकटीच होते.

ते आकडे देऊन मी पूर्ण पडदा त्या रंगाने भरला.

तो रंग मला पाठ होता.

दुकानदाराने सेन्सर तपासला. "ताई, एकदम व्यवस्थित आहे. पांढऱ्याला पांढराच म्हणतोय."

आमच्या घरी म्हणत नाही.

महिनाभर मी रोज मोजून बाबांच्याच वहीत लिहीत राहिले. रंग रोज थोडा फिका होत गेला... मग निळसर. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या सकाळी मी धरलेला बाबांचा हात होत गेला होता, तसा.

सेन्सरच्या काचांचा रंग उतरला असेल. पण एका महिन्यात?

आता मी मोजत नाही. शेवटचा आकडा मला नको आहे.

आई पडद्यावर अजून पिवळीच दिसते.

आणि रोज दुपारी तीनला, मागच्या बंद खोलीत...

टक्.

थोडा वेळ थांबून, पुन्हा एकदा. काम अर्धवट राहिलंय, याची आठवण करून दिल्यासारखं.