रॉकेट चालवणारी मुलगी

चौऱ्याहत्तर साली एका शनिवारी सेनगावची एसटी उशिरा पोचली, आणि पद्माचा अंक हातचा गेला.

सेनगावच्या शाळेत ती मास्तरीण. दर शनिवारी हिंगोलीला कादरचाचांच्या रद्दीच्या दुकानात यायची. विज्ञानकथांचे जुने अंक, त्यांतली इसवी सन दोन हजारची चित्रं – काचेची शहरं, उडत्या मोटारी – जमवायची. आज मात्र चंद्रावरच्या वसाहतीचं मुखपृष्ठ एका उंच तरुणाच्या काखेत होतं.

"तो मी सांगून ठेवला होता!"

"मंग लवकर यायचं की," तो हसला. नरसिंग त्याचं नाव. स्टेशनात पार्सल क्लार्क. "पन बघा… मला घाई न्हाई."

त्यानं पिशवीतून आणखी अंक काढले – पूर्णेहून, अकोल्याहून जमवलेले. पद्मा उभ्याउभ्याच भराभर पानं उलटत गेली. मग थबकली.

"तुमच्या चित्रांतल्या समद्या बाया मागंच बसून राहिल्या हो."

"म्हंजे?"

"रॉकेट गडी चालवून राहिला, बाई मागं. अन् ही चंद्रावर बी चहाच गाळून राहिली. दोन हजार सालात बी… काहून?"

शंभरदा पाहिलेली चित्रं नरसिंगनं पुन्हा पाहिली. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई," तो हळूच म्हणाला.

उगीच बोलले, अशी तिला चुटपुट लागली. पण त्या दिवसांत तिचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. वसमतचं स्थळ आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात, घर चांगलं. फक्त लग्नानंतर शाळा सोडायची.

पुढचे तीन शनिवार नरसिंग दिसला नाही. पद्मा गठ्ठे खालीवर करत राही, आणि दारात पाऊल वाजलं की मान वळे.

"काही हरवलं का, बाई?" चाचा विचारत.

"न्हाई," ती म्हणे, आणि गठ्ठा पुन्हा उपसायला घेई.

चौथ्या शनिवारी तो आला – थेट गाडीतून उतरून, शर्टावर इंजिनाची काजळी. हातात जुन्या कॅलेंडरचं गुंडाळलेलं पान. टॉर्चच्या सेलची जाहिरात होती. चांदण्यांतून निघालेलं लाल रॉकेट, आणि ते चालवणारी एक मुलगी… एकटी, वेणी मागे उडालेली.

"परभणी, नांदेड… समदी रद्दी पालथी घातली. ही एकच घावली."

"इतकी तकलीफ काहून घेतली?"

"तुमाला बघितल्यापासून झोप न्हाई… म्हंजे, तुमी बोलल्यापासून –" तो अडखळला. मग सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "तुमची शाळा, तुमची वाट… तुमीच ठरवा. मी संगं आलो तर चालंल का?"

पद्मानं पान त्याच्या हातातून घेऊन नीट गुंडाळलं.

"बुधवारी वसमतचे लोक येणार हायेत," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. "त्यांना न्हाई म्हणते. तुमी पुढच्या आईतवारी घरी या."

संध्याकाळी वडील, पुंजाजी, ओसरीवर तूर निवडत बसले होते. पद्मानं एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"नोकरी?"

"माझी नोकरी राहणार, बाबा."

"अन् तो काय करतो?"

"स्टेशनात क्लार्क हाय… अन् चंद्रावरची चित्रं जमवतो."

"तो बी?"

"व्हय."

पुंजाजींनी आत छपरापर्यंत रचलेल्या अंकांकडे पाहिलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

"मंग त्याला म्हणावं, घर जरा मोठं बघ."