मला वीसपर्यंतच येत होतं

हे खरं घडलंय. शपथ घ्यायला तयार आहे, फक्त आईसमोर नको. तिला त्या अंड्याचं अजून माहीत नाही.

गेल्या जानेवारीतला मंगळवार. घानातलं कुमासी शहर. धुळीचे दिवस. रात्र वगैरे नव्हती, दुपारचे सव्वादोन वाजले होते. एसी चालू होता. वीज सकाळपासून एकदाही गेली नव्हती, म्हणजे चमत्कार आधीच सुरू झाला होता.

माझं नाव तविया. आमच्यात जुळ्यांच्या पाठीवर जो जन्मतो त्याचं नाव तविया. थोरली जुळी पान्यिन, धाकटी काक्रा. त्यामुळे नाव सांगितलं की लोक आधी विचारतात, "जुळी कशी आहेत?"

"एक बरी आहे," असं मी सांगतो.

काक्रा सात वर्षांची असताना ओढ्यात गेली. दोघी पाण्याखाली श्वास रोखायची पैज लावायच्या. मी काठावर बसून मोजायचो. तवियाने "सोड" म्हटलं की वर यायचं, असा नियम. मी चार वर्षांचा होतो. मला वीसपर्यंतच येत होतं. वीस झाले की मी पुन्हा एकपासून सुरू करायचो.

त्या दिवशी पान्यिन चिडून आपणच वर आली.

काक्रा नियम पाळणारी होती.

आता मी इथल्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफीवरून तापमान बघतो. पोटातली गाठ बाहेरूनच ध्वनिलहरींनी तापवून मारतात. काप नाही, टाका नाही. आत थर्मामीटर घालता येत नाही. पण मांस तापलं की त्यातून जाणाऱ्या आवाजाचा वेग बदलतो आणि पडद्यावरचे प्रतिध्वनी केसभर सरकतात. ते सरकणं मोजायचं, त्यावरून अंश काढायचे. तापलं की लाल, थंड झालं की निळं. मात्र पेशंटने श्वास घेतला तरी सगळं सरकतं आणि मशीन फसतं. म्हणून दर वेळी मी माइकवरून सांगतो, "श्वास रोख." वीसपर्यंत मोजतो. मग म्हणतो, "सोड."

एवढं शिकून मी परत तेच काम धरलं, हे माझ्या लक्षात आलं त्या मंगळवारी.

कारण टेबलावर पान्यिन होती.

पालथी. पोट खालच्या पाण्याच्या हौदात. गर्भाशयात संत्र्याएवढी गाठ, आणि गाठीमागे तीन मिलिमीटरवर आतडं. आतडं भाजलं तर जिवावरच. उपचार जमला नाही तर गुरुवारी पिशवीच काढणार होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

"तविया, पिशवी वाचव माझी. नाहीतर म्हातारपणी तुझ्याच घरी येऊन पडेन."

"नीट मोजतो."

"वीसच्या पुढे यायला लागलं ना?"

आईने सकाळी डबा आणला होता. कुस्करलेला सुरण, ताडाचं तेल, वर दोन उकडलेली अंडी. एक पान्यिनचं, एक काक्राचं. सव्वीस वर्षं हे असंच चाललंय. पण पेशंटला उपाशी ठेवायचं होतं.

दोन्ही अंडी मी खाल्ली.

आधी न तापवता चाचणी घेतली.

"श्वास रोख."

पडदा गोठला. एक... दोन... तीन...

फक्त आतड्यापाशी, लहान मुलीच्या तळहाताएवढा एक निळा डाग...

हलत होता.

वर. खाली. वर. खाली.

"चरबी असेल," डॉक्टर आसाबेरे म्हणाल्या. "चरबीत हिशोब उलटा येतो. तापली तरी निळी दिसते."

"मॅडम, अजून तापवलंच नाहीये."

"मग आतडं वळवळतंय."

"इतक्या तालात?"

"भूक लागली असेल. तिचा डबा तूच खाल्लास ना?"

तीनदा करून पाहिलं. पान्यिन दगडासारखी पडलेली, आणि डाग... वर, खाली.

मॅडमनी तापवायच्या पेडलवरून पाय काढला. "तो थांबत नसेल तर मला आतड्याचं तापमान कळणार नाही. मी आंधळ्यासारखी तापवणार नाही, तविया. पाच मिनिटं देते. नाहीतर गुरुवार."

मी माइक तोंडाशी धरला. तोंडून काय निघतंय ते माझं मलाच कळलं नाही.

"पान्यिन, श्वास रोख... काक्रा, तूही."

डाग थांबला.

एसीचा आवाज तेवढा येत होता.

"कोण काक्रा?" मॅडमनी विचारलं.

"नंतर सांगतो. तापवा."

गाठ लाल झाली. पन्नास. अठ्ठावन्न. बासष्ट. आणि तिच्यामागे, आतड्यावर, जिथे तो डाग पसरला होता तिथे... सदतीस.

पस्तीस.

एकतीस.

"चरबीच असेल, मॅडम," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा पेडल दाबलं.

चौतीस वेळा तापवलं. डाग पुन्हा हलला नाही.

पान्यिनला उताणी केली तेव्हा तिने पहिलं विचारलं, "पोटाखाली हात कोणाचा होता रे? गार पडलेला."

"अगं, पाण्याचा हौद आहे तो."

"हौदाला बोटं असतात?"

पिशवी वाचली. आतड्यावर ओरखडा नाही. इथे गोष्ट संपली असती तर मी आज नीट झोपत असतो.

बुधवारी सकाळी उपचाराचं रेकॉर्डिंग ऐकलं. दर वेळी माझाच आवाज. "पान्यिन, सोड."

चौतीस वेळा. फक्त पान्यिन.

रोज सकाळी मशीनची चाचणी नकली मांसाच्या गोळ्यावर घेतात. पाणी आणि अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास, रबरासारखा घट्ट. आमच्या धंद्यात त्याला फँटम म्हणतात, म्हणजे भूत. हा विनोद माझा नाही.

गोळा ठेवला. मशीन लावलं. पडदाभर सारखा करडा रंग, आणि मधोमध...

निळा तळहात.

अजिबात न हलणारा.

मी दार लावून घेतलं. खिशातून उकडलेलं अंडं काढून मशीनवर ठेवलं. हॉस्पिटलच्या नियमात हे बसत नाही. मग माइक धरला.

"काक्रा... सोड."

त्या घट्ट गोळ्यात तळहाताच्या वर एक पांढरा ठिपका उमटला. वर चढला. बुडबुडा. मग दुसरा. मग तिसरा.

सवयीने मी मोजत गेलो.

अठरा. एकोणीस. वीस.

थांबले.

मीही श्वास सोडला. म्हटलं, सुटली बिचारी.

आणि मग पडद्यातून नाही, स्पीकरमधून नाही, टेबलाच्या पलीकडून, चार वर्षांच्या पोराच्या आवाजात, माझ्याच...

"एक."