उघड्या दाराचा बंद दिवा

"काका, ती कात्री आधी खाली ठेवा!"

भिंगरी एवढ्या जोरात ओरडली, की मोटारीत अंग चोरून बसलेल्या वायरमनकाकांचं डोकं छतावर आपटलं.

मामाने दोन वर्षं खपून ही जुनी मोटार पुन्हा उभी केली होती. इंजिन झकास, हॉर्न दणदणीत! पण दार उघडलं की आतला दिवा लागायला हवा, तो काही लागत नव्हता. बल्ब नवा, फ्यूज शाबूत. आणि उद्या सकाळी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन!

"वायर छतातच तुटली असणार. कापड फाडावं लागेल," डोकं चोळत काका म्हणाले.

छताचं ते कापड मामीने तीन आठवडे बसून हाताने शिवलं होतं. गॅरेजच्या दारात मामी उभी होती. सुईने टोचलेला अंगठा नुसता चोळत राहिली.

भिंगरीला ते बघवेना. दोन्ही भावांना जवळ ओढत ती म्हणाली, "तुम्ही चहा पिऊन या. तोवर आम्ही शोधतो!"

"तुम्ही? सातवीतली पोरं?" मामा हसला.

गेल्या सुट्टीतली भिंगरी असती, तर गप्प बसली असती. आजची कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आठवीत गेले मी!"

"बरं बाई, अर्धा तास! पण रंगाला ओरखडा नको हं. चार हात मारलेत. तीळभर पत्रा उघडा ठेवलेला नाही मी!"

मोठी माणसं गेली आणि भिंगरीने गाडीभोवती एक फेरी मारली. म्हटलं खरं, पण शोधायचं काय?

"दाराच्या चौकटीत हा खटका आहे," तिचा मावसभाऊ पंडित चष्मा सावरत म्हणाला. "दार उघडलं की तो बाहेर येतो आणि दिवा लागतो."

"लागत नाहीये ना पण!"

तेवढ्यात भिंगरीचा धाकटा भाऊ चिमणा स्टीलची पट्टी तलवारीसारखी परजत उघड्या दाराच्या चौकटीला टेकला.

लख्ख! दिवा लागला!

"अरे! काय केलंस?"

"मी कुठे काय केलं?" घाबरून चिमणा बाजूला झाला. दिवा गेला.

भिंगरी तिथेच टेकून उभी राहिली. अंधार. पंडित टेकला. अंधार. चिमणा पुन्हा टेकला, की लख्ख!

"गाडीला फक्त मीच आवडतो!" चिमणा फुशारला.

पंडितने डोकं खाजवलं. "काहीच्या काही! विजेला माणसं कुठे ओळखू येतात?"

"पण एक नक्की," भिंगरी म्हणाली. "वायर तुटलेली नाही! तुटली असती तर दिवा एकदाही लागला नसता. चिमण्या, पट्टी ठेव आणि टेक बघू."

अंधार!

भिंगरीने पट्टी हळूच चौकटीला लावली. एक टोक खटक्याच्या धातूच्या कडेवर, दुसरं दाराचं कुलूप अडकतं त्या बिनरंगाच्या, पत्र्यात स्क्रूने घट्ट आवळलेल्या लोखंडी आकड्यावर. लख्ख!

"पंडित, वीज दिव्यात जाते. मग परत कुठून येते?"

"घरी दुसऱ्या वायरीतून. पण गाडीत..." पंडितचे डोळे चष्म्याबाहेर यायचे बाकी राहिले. "गाडीत पत्र्यातून! खटका पत्र्याला टेकलेला हवा!"

"आणि तो टेकलाय रंगाला! मामाने खटक्याच्या भोकाच्या आतसुद्धा चार हात मारलेत!"

मोठी माणसं परतली, तेव्हा भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं. काकांनी खटका उपसून आत बोट फिरवलं आणि ते ओशाळले. "रंगावरच दाबून बसवला की मी! बघितलंच नाही."

"भोकाच्या आत घासायचं, मामा. नखभर!"

मामाने काचपेपर असा धरला, जणू स्वतःचीच कातडी सोलायची होती. दोन्ही दारांची भोकं आतून घासली, खटके बसवले, दार उघडलं.

लख्ख! पट्टीशिवाय!

"शाबास गं!" काकांनी कात्री डब्यात टाकली. "पोरांनो, आज तुम्ही मला शिकवलंत."

"आणि मला जमिनीवर आणलंत," मामा हसून म्हणाला.

मामी आत बसून उजेडात छतावरून हात फिरवत होती. एकदम म्हणाली, "अगंबाई! इथला एक टाका वाकडा गेलाय!"

"मग फाडू या का?" मामाने विचारलं.

"नाऽऽही!" वायरमनकाकांसकट सगळे ओरडले.