नावं संपली की उठणारी मुलगी

एकच मुलगी लागोपाठ तीन गुरुवारी सिनेमाच्या सुरुवातीची नावं संपताच उठून गेली, तेव्हा अशरफला वाटलं, दोष आपल्या मशीनमध्ये आहे. त्याने लेन्स पुसली. चौथ्या गुरुवारीही ती उठली. पहिलं रीळ वीस मिनिटं चालणार होतं, म्हणून तो केबिनच्या लोखंडी जिन्यावरून धडधडत खाली आला आणि फाटकाशी त्याने तिला गाठलं. घाईत तोंडून मराठीच निघालं.

"पिक्चर नीट दिसत नाही काय?"

"दिसतो की." उत्तरही मराठीत आलं. "पण साडेसहाला तुमचा खेळ आणि सातला माझी ड्यूटी. मला नावांपुरतीच सवड."

एवढं बोलून ती पांढरी ओढणी सावरत हॉस्पिटलच्या रस्त्याने गेली. अशरफ वर आला तेव्हा पडद्यावर कोणीतरी कोणालातरी घोड्यावरून पळवून नेत होतं. त्याने बघितलं नाही.

हे आखाती वाळवंटातल्या अहमदीचं, एकोणसाठ सालचं. तेल कंपनीच्या वसाहतीत उघड्यावर थिएटर होतं; पडदा म्हणजे चुना दिलेली भिंत. वाळूचा वारा सुटला की सगळ्या नायिकांचे चेहरे एकदम चिंताग्रस्त दिसायचे. अशरफ राजिवड्याचा, तिथला ऑपरेटर; चाचांबरोबर राहायचा. ती असमा, दाभोळची, हॉस्पिटलात नर्स. बहीण ताहिरा आणि दुलाभाई हमीद यांच्याकडे राहायची.

दर गुरुवारी नवा इंग्लिश सिनेमा लागे. शुक्रवारी संध्याकाळी ड्यूटीवर जाताना असमा जिन्याखाली थांबू लागली. अशरफ वर रिळं उलटी गुंडाळत बसलेला असे.

"काल ती सोनेरी अक्षरं... मागे समुद्र, आणि एक बाई गात होती," ती विचारायची. "पुढं काय झालं?"

असमाने नावं पुष्कळ पाहिली होती आणि त्यांवरून तिचं एक शास्त्र तयार झालं होतं. आधी व्हायोलिनं वाजली तर मुलगी रडणार. तुतारी वाजली तर घोडे येणार. पुरुषाने शीळ घालत गाणं सुरू केलं तर तो शेवटी एकटा निघून जाणार. आणि पुस्तकाची पानं उलटत नावं आली, तर सिनेमा लांबणार.

अशरफ हँडल फिरवत गोष्ट सांगायचा. छान सांगायचा. अडचण एकच होती, त्याला गोष्ट ठाऊक नसायची. इंग्लिश त्याला डब्यांवरच्या आकड्यांपुरतं यायचं आणि खेळभर त्याची नजर मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांवर. वसाहतीतला प्रत्येक सिनेमा त्याने दाखवला होता, पाहिला एकही नव्हता. म्हणून तो मनाने रचायचा. सगळ्यांची लग्नं लावायचा. एका बोटीच्या कप्तानाला तर त्याने शेवटी आईच्या हातची तांदळाची भाकरी खायला घातली.

असे सोळा शुक्रवार गेले. सतराव्या शुक्रवारी असमाने गोष्ट विचारलीच नाही.

"दुलाभाईंकडे पत्र आलंय," ती जिन्याच्या कठड्यावरची वाळू बोटाने झाडत म्हणाली. "केपटाऊनचं स्थळ आहे. महिनाअखेर उत्तर द्यायचंय."

"बरं आहे... केपटाऊन," अशरफ म्हणाला. इतकं निरुपयोगी वाक्य त्याने कुठल्याच नायकाच्या तोंडी घातलं नव्हतं.

त्या आठवड्यात त्याचं खाण्यात लक्ष लागेना. तिला मागणी घालायची, हे ठरलेलं होतं. पण सोळा शुक्रवार खोटं बोललेल्या माणसाने सतरावी गोष्ट खरी म्हणून कशी सांगावी? आणि आधी खरं सांगावं, तर ती जिन्याखाली पुन्हा थांबेल कशाला? या विचारात गुरुवारी त्याने तापलेला कार्बन उघड्या हाताने धरला.

शुक्रवारी तो जिन्याकडे फिरकलाच नाही. शनिवारी दुपारी तीनला, बोटं सुजली तेव्हा तो हॉस्पिटलात गेला. पट्टी करायला समोर आली ती असमा.

"तुम्ही दुपारच्या इथं कशा?"

असमाने कापूस शोधायला मान खाली घातली. बाजूच्या टेबलावरच्या कुबरा सिस्टरला मात्र काही शोधायचं नव्हतं. दोन महिने झाले हिला दिवसपाळी लागून, तिने सांगितलं आणि औषधांचा ट्रे घेऊन ती निघून गेली.

अशरफ हिशोब करत राहिला. दोन महिने म्हणजे आठ गुरुवार.

"मग नावं संपली की उठून जाता कुठं?"

"घरी. ताहिराबूला भाकऱ्या करू लागते."

"अख्खा पिक्चर सोडून?"

ती त्याच्या बोटाभोवती पट्टी गुंडाळत होती, गरजेपेक्षा बरीच सावकाश. "पिक्चर बघितला असता... तर शुक्रवारी विचारलं काय असतं?"

अशरफला वाटलं, बोट बरं व्हायची अजिबात घाई नाही. पण माणूस मुळात प्रामाणिक होता, फक्त सवय सुटली होती.

"असमा, एक सांगायचंय. मला इंग्लिश येत नाही. त्या सगळ्या गोष्टी... माझ्याच."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"आमच्या मेट्रन गोऱ्या आहेत, त्या प्रत्येक खेळाला असतात. तुमचा कप्तान पहिल्या अर्ध्या तासात बुडाला म्हणे. तुम्ही त्याला भाकरी वाढलीत." तिने गाठ मारली, पण हात सोडला नाही. "मेट्रनची गोष्ट ऐकली आणि मनात म्हटलं, तुमचीच बरी. निदान जेवून तरी झोपला बिचारा."

बाहेर कोणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं. असमाने ऐकलं नाही असं दाखवलं.

"त्या केपटाऊनला... काय लिहिणार?" अशरफने विचारलं.

"ते तुम्ही येता की नाही त्यावर आहे. शुक्रवारी असरच्या नमाजानंतर या. त्याआधी दुलाभाई झोपलेले असतात, उठवलं तर नाही म्हणतील. चाचांना बरोबर आणा, बोलणं त्यांना करू द्या."

"आणि मी?"

"तुम्ही गप्प बसा. विचारलं तर नाव, गाव, पगार खरा सांगा. एकही गोष्ट रचू नका."

शुक्रवारी अशरफ चाचांबरोबर हमीदभाईंच्या खोलीत पाऊण तास बसला आणि एकूण नऊ शब्द बोलला. आतल्या दारातून ताहिराने डोकावून बघितलं आणि चहाचं पातेलं चढवलं. हमीदभाईंनी कागद-पेन मागवून केपटाऊनला नकार लिहायला घेतला. तेवढ्यात पडद्याआडून बांगड्या वाजल्या आणि असमाचा आवाज आला, पत्र जरा गोड लिहा, त्या बिचाऱ्याचंही कुठंतरी जमायला हवं.