मातीचं बटन

या, टेका हितं. एक सांगतो, आन ह्यात मीठमिरची कायबी न्हाई. गेल्या उन्हाळ्यात, कोरेगावात, भर दुपारी घडलंय. मी तवा दारातच हुतो.

आमच्या शेजारचा अश्फाक. पुण्यात गेम बनवायच्या कामाला. बाप रसूलभाई, भांड्यांना कलई करायचे. ते गेले तवा ह्याचा फोन बंद. कामात गुंग.

मयत सांजपातूर थांबवली.

पोरगं आलंच न्हाई...

शेवटी लोकांनी मुठीमुठीनं माती दिली. पोराची मूठ तेवढी ऱ्हायली.

त्यानं नोकरी सोडली. घरात बसून सवताचा गेम करायला घेतला. त्यात पोरगा येळेवर पोचतो आन बापाला माती देतो. बास, एवढंच पायजे हुतं त्याला. जोडीला सांगलीचा दोस्त भरतेश.

दोघं लय भांडायचे.

"शेवट पिक्चरवानी आपोआप चालू दे," अश्फाक म्हणायचा. "बटन दिलं तर एखादा कबरीभवती उड्या मारत बसंल."

"मग थेटरातच लाव की रं! खेळणाऱ्याच्या हातात कायबी न्हाई, तर त्यो खेळतोय कशाला?"

तडजोड झाली. सगळं आपोआप चालंल. शेवटची मूठ तेवढी खेळणाऱ्यानं टाकायची. एक बटन. त्या दुपारी दोघं त्येच तपासत बसले हुते, मी त्यांच्या दारात.

भरतेशनं दाबलं. पडद्यावरच्या पोरानं माती टाकली.

"झ्याक! आता तू."

अश्फाकनं दाबलं...

पडद्यावरच्या पोरानं हात उचललाच न्हाई.

"आण हिकडं, आडाणी!" भरतेशनं दाबलं. माती पडली.

परत अश्फाकनं दाबलं...

न्हाई.

आन पडद्यावरची, मयतीला जमलेली माणसं वळली. सगळी. वाटंकडं बघत ऱ्हायली...

"ही वळत्यात कशी? तू केलंस?"

"म्या न्हाई गड्या."

पडद्यावरचं चित्र आपलं आपण सरकलं. कबरीत उतरलं. आतनं वर बघाया लागलं... आभाळाचा चौकोन, बाकी अंधार.

डोक्यावरचा पंखा फिरत हुता. पर त्याचा आवाज गेला.

मग स्पीकरमधनं रसूलभाई बोलले. त्योच घोगरा आवाज, धुरानं खाल्लेला. ह्यांनी गेममधी आवाज भरलाच नव्हता.

"आला न्हाई व्हय अजून?"

अश्फाक किचाळला, "अब्बा! आलोय! हितं हाय!"

आवाजानं ऐकलंच न्हाई. दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाला...

"थांबा जरा. यील त्यो."

भरतेशनं वायर उपटली. पडदा काळा झाला.

"थांबा... यील..." स्पीकरमधनं चालूच.

भरतेश सांगलीला गेला त्यो गेलाच. फोन उचलत न्हाई.

आई रहिमतबी रडून म्हणती, "पुसून टाक रं त्ये." अश्फाक म्हणतो, "पुसल्यावर अब्बा थांबतील कुठं?"

वायर परत जोडून अजून बटन दाबतोय. अंगठ्याचं सालटं निघालंय. जेवत न्हाई, झोपत न्हाई.

आमी समद्यांनी त्या स्पीकरला हाका मारल्या. आमचं म्हाताऱ्याला ऐकू जात न्हाई.

तुमी या एकदा. तुमचा आवाज पोचला, तर खोटं का हुईना, पर एवढं सांगा त्यास्नी...

पोरगं येऊन गेलं, म्हणावं.