रक्तदाखला

पूर्वी परदेशी जायचं तर पोलीस ठाण्यात खेटे घालून ‘या व्यक्तीविरुद्ध गुन्हा नोंद नाही’ असा कागद आणावा लागे. हवालदार घरी येऊन चहा पिऊन जायचा, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारायचा, की झालं चारित्र्य सिद्ध. नोंद नाही म्हणजे गुन्हाच नाही, असं मानण्याइतके लोक तेव्हा भोळे होते. निदान सोयीपुरते तरी होतेच.

केतकीच्या काळापर्यंत ती सोय संपली होती. एका पेशीवरून माणूस ओळखणारं यंत्र निघालं आणि पोलिसांच्या गोदामांत कुजत पडलेला सगळा मुद्देमाल, चाकू, चादरी, फुटक्या काचा, त्या यंत्राखालून घालून झाला. न उलगडलेल्या प्रत्येक गुन्ह्याच्या जागी सांडलेल्या रक्ताची ओळख आता साठवलेली होती. परदेशी जाणाऱ्यानं शिरेतलं रक्त द्यायचं. ते त्या साठ्याशी ताडून बघायचं, कुठंच जुळलं नाही तर सत्यापनाचा शिक्का मारून रक्तदाखला द्यायचा. कातडी, केस, लाळ चालत नसे, कारण ती प्रयोगशाळेत वाढवून लबाडी करणारे महाभाग निघाले होते. जो इथंच राहणार त्याला मात्र कुणी रक्त मागत नव्हतं.

केतकीचा नवरा तन्मय आणि सात वर्षांची मिहिका, दोघं शाळा सुरू व्हायच्या आधी फिनलंडला पोहोचले होते. केतकीनं मागून जायचं होतं. दाखला म्हणजे तिच्या लेखी निव्वळ उपचार होता. आयुष्यात तिनं कुणाच्या झाडाची कैरीसुद्धा पाडली नव्हती.

नांदेडच्या सत्यापन केंद्रातल्या डॉ. किन्हाळकर बाईंनी तिला समोर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

“तुमचं रक्त जुळलंय,” त्या म्हणाल्या. “चौदा वर्षांपूर्वी इथल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात एका वॉचमनचा खून झाला होता. तिथल्या फुटक्या काचेवरच्या रक्ताशी.”

“मॅडम, नमुना बदलला असेल. मी तेव्हा कॉलेजात होते. तो कारखाना मी पाहिलासुद्धा नाही!”

“नमुना तुमचाच आहे. पण रक्त पुरुषाचं आहे.” बाईंनी तिचा अर्ज पुढं ओढला. “लहानपणी कधी मज्जा बदलली होती का? बोन मॅरो?”

अकराव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. त्यातून ती उठली तेव्हा घरात एकच ठरलं: याचा ब्र कुठं काढायचा नाही, मुलीच्या लग्नाचं कसं होईल? आईवडील गेल्यावर थोरल्या सुहासदादानं तिचं लग्न जमवलं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. तन्मयला तिनं सांगितलं नव्हतं, आणि अर्जात ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात सवयीनं ‘नाही’ लिहिलं होतं. लपवता लपवता ती स्वतःच विसरली होती म्हणा ना.

“रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतं,” बाई समजावून सांगू लागल्या. “ती दुसऱ्याची बसवली की जन्मभर रक्त त्याच्या ओळखीचंच तयार होत राहतं. चेहरा तुमचा, कातडी तुमची, रक्त त्याचं. मज्जा कुणी दिली होती?”

तिला मज्जा देऊन जगवणारा एकच माणूस होता, आणि त्याचं नाव या खोलीत उच्चारायची तिची हिंमत होईना.

“नका सांगू,” बाई हळूच म्हणाल्या. “शिक्का बसेपर्यंत हा निकाल कुठल्याच नोंदीत जात नाही. अर्ज मागं घेतलात तर नमुना नष्ट होतो. पण पुन्हा अर्ज करता येत नाही.”

“आणि नाव सांगितलं तर?”

“तुमच्यावरचा संशय दूर होईल. पुढचं मलाही सांगता येत नाही, असा अर्ज आजवर आलेला नाही.”

ती तिथून तडक दादाकडे गेली. सुहासदादाचं बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान होतं. तिला पाहताच त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

“काय झालं गं? रडायलीस कशाला?”

तिनं सगळं सांगितलं. तो नाही म्हणेल, हसण्यावारी नेईल, या आशेनं ती त्याच्याकडे बघत राहिली. दादा खाली बसला.

“तांब्याच्या तारा काढायला गेलतो, खिडकीच्या काचंनं हात कापला,” तो म्हणाला. “म्हातारा वॉचमन आडवा आला. मी ढकललं, तो जिन्यावरनं खाली पडला. मला वाटलं, उठंल. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.”

“दादा...”

“चौदा वर्षं झाली, केतू. एक रात धड झोपलो नाही.”

तिला त्याचा संताप आला, किळस आली, आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. रडून झाल्यावर ती म्हणाली, “मी उद्याच अर्ज मागं घेते. कुणाला कळायचं नाही.”

“आन् मिहिका?”

दादानं तिला बळंच जेवायला वाढलं, फिनलंडात थंडी किती असते ते विचारलं, आणि सकाळी ती केंद्रात पोहोचायच्या आत ठाण्यात जाऊन सगळं कबूल करून टाकलं. तिला विचारलं नाही. आपल्याकडच्या थोरल्या भावांना धाकट्या बहिणीचं भलं तिला विचारून करायची सवय नसते. तिचं कॉलेज, लग्न, सगळं त्यानं असंच परस्पर ठरवलं होतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघालं होतं.

या वेळी निघालं नाही. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तिनं अर्ज तसाच ठेवला होता; शिक्षा झाल्यावर किन्हाळकर बाईंनी तिला बोलावलं. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

“काल ते रक्त निनावी होतं. आज ते शिक्षा झालेल्या खुन्याचं आहे. ते सगळ्या देशांच्या यादीत गेलंय.”

“पण खून मी केला नाही, हे तर सिद्ध झालं ना आता?”

“इथं झालं. तिथल्या विमानतळावरचं यंत्र फक्त रक्त वाचतं. एक रक्त म्हणजे एक माणूस, असा सगळ्या देशांचा करार आहे. तो बदलायचा तर सगळे देश एकत्र यायला हवेत. एका बाईसाठी कोण येणार?”

“मग हे रक्त काढून टाका माझ्यातलं!” केतकी ओरडली.

“ते काढलं तर तुम्ही राहत नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांचेही डोळे भरून आले.

तन्मयला आजार लपवल्याचं कळलं तेव्हा तो भांडला नाही. “आणखी काय काय लपवलंयस?” एवढंच विचारून त्यानं फोन मुलीच्या हातात दिला. मिहिका म्हणाली, “आई, तुझा कोट बाबांनी आणून ठेवलाय. कधी येतेस?”

पुढच्या आठवड्यात केतकी तुरुंगात दादाला भेटायला गेली. तो वाळला होता, पण चेहऱ्यावर तजेला आला होता. “झोप लागायलीय आता,” तो म्हणाला. मग आतुरतेनं पुढं वाकला. “दाखला मिळाला का?”

खरं सांगितलं असतं तर त्याच्याजवळ उरलेलं एवढंसं सुखही गेलं असतं.

“मिळाला, दादा.”

“कधीचं विमान?”

“सोमवारचं.”

तो इतका मोठ्यानं हसला की पहारेकऱ्यानं वळून पाहिलं. “बघ! उगीच रडत होतीस. लेकराला घट्ट धर गेल्याबरोबर. आन् माझ्यासाठी सारखी इकडं यायची नाहीस तू, शपथ आहे तुला.”

“नाही येणार,” ती म्हणाली.

सोमवार आला आणि गेला. केतकी नांदेडातच होती. महिन्याच्या महिन्याला भेटीचा वार येई, आणि तुरुंग तिच्या घरापासून रिक्षानं जाण्याइतका जवळ होता. ती जात नसे. आपली बहीण सुखरूप पोहोचली, या समाधानात दादा तिथं झोपत होता.